कोल्हापुरात मास्तर कसे घडत गेले

संस्थानी काळाच्या आरंभी कोल्हापुरात शिक्षक होण्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागत नसे. शिकवणारा पंतोजी म्हणजे लिहिता-वाचता येणारा, हिशेबात पक्का आणि दुसरा बरा उद्योग न मिळालेला गृहस्थ. पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या पडवीत, देवळाच्या ओवरीत नाहीतर धर्मशाळेत त्याची शाळा भरे. मोबदला धान्याच्या शेरांत मिळे, सणावारी थोडे रोख. त्याची नेमणूक सरकार करीत नसे, त्यामुळे त्याची परीक्षाही कोणी घेत नसे. मूल बाजारात पावली-चवलीचा हिशेब चुकले नाही, तर पंतोजी चांगला असे पालक समजत.

त्याची अध्यापनपद्धती मात्र बेताल नव्हती. लाकडी फळीवर लाल मातीची किंवा विटेच्या भुकटीची पातळ पूड पसरायची आणि तीत काडीने अक्षर कोरायचे. चुकले की हाताने पूड सारखी करायची आणि पुन्हा गिरवायचे. हात बसला की रंगवलेली पाटी, तीवर बोरू, आणि त्यानंतर कागद. लिहायचे ते मोडी, कारण व्यवहार मोडीत चाले. पाढे नुसते तीसपर्यंत नसत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळे अपूर्णांक संध्याकाळच्या परवच्यात ओरडून म्हणायचे. एका पंतोजीसमोर सगळ्या वयाची मुले बसत. म्हणून थोरल्या मुलाने धाकट्यांचा परवचा घ्यायचा, त्यांची अक्षरे तपासायची, गैरहजर पोराला घरून उचलून आणायचे. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल याने हीच रीत पाहून इंग्लंडात नेली आणि तिथून ती ‘मॉनिटर पद्धत’ म्हणून परत हिंदुस्थानात आली. पंतोजीच्या शाळेतला असा थोरला मुलगा पुढे बहुधा स्वतःच पंतोजी होई. मास्तरकीचे शिक्षण म्हणून जे काही होते ते एवढेच: पाहून शिकणे आणि शिकता शिकता शिकवणे. पुढच्या दोनशे वर्षांत याच्यावर अनेक थर चढले, पण ते पुरते पुसले कधीच गेले नाही.

शिक्षकाला शिकवण्याचे शिक्षण द्यावे, ही कल्पना मराठी मुलखात मुंबईहून आली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले चोवीस शिक्षक 1826 मध्ये मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी पाठवले गेले. त्यांतले चौदा मराठी शिकवणारे आणि दहा गुजराती. दादोबा पांडुरंग तर्खडकर, बाळशास्त्री जांभेकर यांसारख्या विद्वानांनी मुंबईत शिक्षकांचे वर्ग पाहिले. 1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणाला सरकारी धोरणात जागा दिली आणि पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज उभे राहिले. त्या कॉलेजाशी निगडित असलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर ‘शालापत्रक’ हे मासिकही चालवीत. खेड्यातल्या मास्तराला घरबसल्या वाचायला मिळावे असे ते नियतकालिक होते. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री हेही त्याचे संपादक झाले. मराठी गद्याला पुढे जे वळण लागले त्याचा एक धागा शिक्षकांसाठीच्या या मासिकात सापडतो, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात जितकी सांगितली जाते तितकी शिक्षणाच्या इतिहासात सांगितली जात नाही.

कोल्हापूर संस्थान इलाख्याच्या हद्दीबाहेर होते, पण त्याची शाळाखात्याची घडी इलाख्यासारखीच बसली. 1840 च्या दशकापासून संस्थानचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला होता. त्यामुळे इयत्ता, क्रमिक पुस्तके, तपासणी करणारे डिपुटी, परीक्षा आणि पगाराच्या पायऱ्या हा सगळा सरंजाम मुंबईच्या धर्तीवर आला. जुन्या पंतोजीची यात पंचाईत झाली. त्याचा हात मोडीवर बसलेला, आणि छापील पुस्तके बाळबोधीत. त्याला पाढे तोंडपाठ, पण भूगोल आणि नकाशा हे त्याने कधी पाहिलेलेच नव्हते. नव्या खात्याला हवा होता तो मराठी शाळेतली शेवटची परीक्षा दिलेला, आणि जमल्यास ट्रेनिंगला जाऊन आलेला माणूस.

ही शेवटची परीक्षा म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेली व्हर्नाक्युलर फायनल. इंग्रजी शाळेची फी ज्याला झेपत नसे, त्या खेड्यातल्या हुशार मुलाला सरकारी नोकरीचा जवळचा रस्ता हाच. फायनल झाली की मास्तरकी नाहीतर तलाठ्याची जागा, असा हिशेब घरोघरी मांडला जाई. मास्तरकी मिळाली तरी ती आधी कच्ची असे. काही वर्षे शिकवून झाल्यावर खात्याकडून ट्रेनिंगला जाण्याचा हुकूम येई. तिथे विद्यावेतन मिळे आणि बाहेर पडल्यावर ठरावीक काळ नोकरी करण्याचे बंधन असे. एक वर्षाचा अभ्यास झाला की ‘फर्स्ट इयर ट्रेंड’, दोन झाले की ‘सेकंड इयर’, आणि तिसरे पार पडले की गावात ‘थर्ड इयर ट्रेंड’ मास्तर म्हणून मान. पगार या पायऱ्यांवरच अवलंबून असल्याने लग्नाच्या बैठकीतही हे शब्द वापरले जात. अनट्रेंड मास्तर मात्र आयुष्यभर खालच्या पगारावर राही, शिकवण्यात तो कितीही तरबेज असो.

या व्यवस्थेवर सर्वांत नेमके बोट जोतीराव फुले यांनी ठेवले. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना निदान बारा रुपये पगार असावा आणि ते शक्यतो शेतकरी जातींतून घ्यावेत, असे मांडले. वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचे हत्यार हातात धरण्याची लाज न वाटणारा, खालच्या थरातल्या लोकांत मिसळणारा मास्तर त्यांना हवा होता. शिक्षकांची तयारी म्हणजे कोणत्या पद्धतीने शिकवायचे, एवढाच प्रश्न इलाख्याचे अधिकारी मानीत होते. मुळात तयार करायला कोणाला घ्यायचे, हा त्याच्या आधीचा प्रश्न फुले यांनी विचारला. कोल्हापुरात तो पुढच्या पिढीत फार धगधगत्या रूपात उभा राहिला.

त्याआधी स्त्री-शिक्षिकांचा प्रश्न आला. मुलींच्या शाळा उघडणे सोपे होते, त्यांत शिकवायला बाई मिळणे अवघड. मेरी कार्पेंटर यांनी 1866-67 च्या हिंदुस्थान भेटीत स्त्रियांसाठी प्रशिक्षण-शाळा काढण्याचा आग्रह धरला आणि 1870 मध्ये पुण्यात तशी शाळा सुरू झाली. मुलगी लिहायला-वाचायला शिकेपर्यंत तिचे लग्न झालेले असे, त्यामुळे ट्रेनिंगला येणाऱ्यांत विधवा आणि मास्तरांच्या बायका यांचाच भरणा असे. नवरा मुलांच्या शाळेत आणि बायको मुलींच्या शाळेत, अशी जोडी खात्याला सोयीची वाटे, कारण एकट्या बाईला परगावी ठेवण्याची जबाबदारी टळे. कोल्हापूर दरबारनेही फीमेल ट्रेनिंग स्कूल काढले. त्याच्या प्रमुख मिस लिटल या युरोपियन बाई होत्या. 1890 च्या दशकाच्या मध्यात त्या गेल्यावर तरुण शाहू महाराजांनी ती जागा रखमाबाई केळवकर यांना दिली. युरोपियन बाईच्या जागेवर मराठी स्त्री नेमणे त्या काळी सरळ साधी बाब नव्हती. रखमाबाईंनी संस्थानातल्या मुलींच्या शाळांचे काम दीर्घकाळ सांभाळले. त्यांची कन्या कृष्णाबाई राजाराम कॉलेजात शिकून पुढे डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूरच्याच आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात काम करू लागल्या. आईच्या पिढीत शिक्षिका होणे हीच मोठी मजल होती, आणि मुलीच्या पिढीत शिक्षकी ही सुशिक्षित स्त्रीपुढच्या अनेक वाटांपैकी एक उरली होती.

माध्यमिक शाळांची गोष्ट वेगळी. राजाराम हायस्कूलसारख्या ठिकाणी शिकवायला पदवी पुरे, शिकवण्याचे शास्त्र कोणी विचारीत नसे. या हायस्कुलात शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले पुण्याला जाऊन न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले ते असेच, कोणत्याही ट्रेनिंगशिवाय. वर्गात गणित शिकवता शिकवता त्यांनी अंकगणिताचे पुस्तक लिहिले आणि ते वर्षानुवर्षे शाळांत चालले. याच गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले आणि 1912 मध्ये ते फेटाळले गेले. विरोधकांचा एक मुद्दा पैशाचा होता, दुसरा शिक्षकांचा: इतके शिकलेले मास्तर आणायचे कुठून?

शाहू महाराजांनी या मुद्द्याला वाट अडवू दिली नाही. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर सक्ती केली होती, तोच मार्ग कोल्हापूरने 1917 मध्ये धरला. सप्टेंबर 1917 मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा जाहीर झाला आणि 4 मार्च 1918 रोजी करवीर पेट्यातल्या चिखली गावी पहिली शाळा उघडली. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. इमारतींची वाट पाहिली नाही. चावडी, देऊळ, धर्मशाळा, जिथे छप्पर तिथे वर्ग. पहिल्या वर्षी सक्तीच्या शाळा 27 आणि मुले 1,296 होती, आणि 1921-22 पर्यंत शाळा 420 व मुले 22,007 झाली.

या आकड्यांची दुसरी बाजू अशी की चार वर्षांत निदान चारशे नवे मास्तर उभे करावे लागले. ट्रेनिंग कॉलेजातून दरसाल जेमतेम मूठभर माणसे बाहेर पडत असताना हे शक्य झाले ते अनट्रेंड माणसांच्या जोरावरच. ट्रेंड मास्तर तयार होईपर्यंत शाळा थांबवायच्या, की शाळा काढून मास्तराला वर्गातच घडू द्यायचे, हा कोल्हापूरचा खरा पेच होता, आणि दरबारने निःशंकपणे दुसरा पर्याय घेतला. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकी नजरेला तो गैर वाटेल. परंतु आधी प्रशिक्षण आणि मग शाळा, हा क्रम धरणाऱ्या इलाख्यात बहुसंख्य खेडी शाळेविना राहिली, हेही खरे. जुनी पंतोजीची रीत अशी सरकारी शिक्का घेऊन परत आली. या काळात मास्तर कोण होणार यालाही वळण लागले. 1901 पासून निघालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क होस्टेल अशा वसतिगृहांतून शेतकरी व मागास जातींतली शिकलेली मुले बाहेर पडू लागली होती आणि शाळाखाते ही त्यांना खुली असलेली एक वाट होती.

मास्तराच्या वागणुकीचाही हुकूम निघाला. 15 जानेवारी 1919 च्या आदेशात अस्पृश्य विद्यार्थ्यांना समतेने आणि आपुलकीने वागवावे असे बजावले होते. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही, अशी पुस्तीही होती. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा दसऱ्यापासून बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम झाला. मास्तराच्या लायकीत अक्षर, हिशेब आणि छडी यांपलीकडची अट या भागात लेखी स्वरूपात आली ती इथे.

कोल्हापूरच्या या वातावरणात वाढलेल्या एका माणसाने ट्रेनिंगचा प्रश्न वेगळ्या अंगाने सोडवला. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला 1887 मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील राजाराम हायस्कुलात शिकले, मॅट्रिकपर्यंत पोचले नाहीत, आणि साताऱ्याला शिकवण्या घेऊन ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. खेड्यात शाळा काढायच्या तर खेड्यात टिकणारा मास्तर हवा, हे त्यांनी ओळखले आणि 1935 मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. शहरी ट्रेनिंग कॉलेजातून आलेला मास्तर पहिली संधी मिळताच तालुक्याच्या गावी बदली मागतो, हा सर्वांचा अनुभव होता. इथला विद्यार्थी शेतात काम करीत, स्वयंपाक करीत शिकत असे. फुले यांनी हंटर आयोगापुढे मांडलेला मास्तर अर्धशतकानंतर खाजगी संस्थेत तयार होऊ लागला. शेजारच्या औंध संस्थानातही धनगरवस्तीसारख्या जागी कोवळ्या वयाचे, ट्रेनिंग न झालेले मास्तर पाठवले जात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा नायक त्यांपैकीच एक.

हायस्कूलच्या शिक्षकांसाठी इलाख्यात पहिले ट्रेनिंग कॉलेज मुंबईत 1906 मध्ये निघाले. बी.टी. ही शिक्षकाची पदवी घ्यायची तर कोल्हापूरच्या पदवीधराला वर्षभर मुंबईत राहण्याचा खर्च सोसावा लागे, म्हणून बहुतेक शिक्षक बी.टी.विनाच निवृत्त होत. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1934 मध्ये, कोल्हापुरात श्री महाराणी ताराबाई टीचर्स कॉलेज सुरू झाले आणि हे चित्र पालटले. ‘एस. एम. टी. टी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या कॉलेजामुळे दक्षिण महाराष्ट्रातल्या हायस्कूल शिक्षकांना मुंबईला न जाता ट्रेनिंग घेणे शक्य झाले.

तिथले शिक्षण म्हणजे प्रामुख्याने सराव पाठ. विद्यार्थी-शिक्षकाने आदल्या दिवशी पाठाचे टाचण काढायचे, ते अध्यापकाकडून तपासून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी शहरातल्या एखाद्या शाळेत जाऊन पस्तीस-चाळीस मिनिटांचा पाठ द्यायचा. टाचणाला जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी ठरवलेला पाच पायऱ्यांचा साचा, म्हणजे पंचपदी, होता: प्रास्ताविक, विषयविवेचन, तुलना, सामान्य नियम आणि उपयोजन. प्रास्ताविकात प्रश्न विचारून मुलांना आधीचे काय येते ते काढून घ्यायचे आणि नव्या पाठाचे नाव शक्यतो त्यांच्याच तोंडून वदवायचे. मागच्या बाकावर निरीक्षक अध्यापक बसलेले, त्यांच्या शेजारी सहाध्यायी वही घेऊन. फळ्यावरच्या ओळी तिरक्या गेल्या, खडूचा आवाज आला, पाठ वर्गाकडे वळली, एकाच मुलाला तीनदा प्रश्न विचारला, हो-नाही उत्तराचा प्रश्न टाकला, हे सारे नोंदले जाई. शाळेतल्या मुलांना हे पाठ चांगले ओळखीचे. निरीक्षक आलेत हे दिसताच सगळे हात वर होत आणि पाठ चांगला जाई. रंगीत तक्ता पाहून पाहुण्या मास्तरांचा विषय ती आधीच ताडत. पंचपदीचा साचा कवितेच्या पाठात ओढूनताणून बसवला जाई, ही तक्रारही जुनीच. तरी फळ्यासमोर उभे राहण्याची शिस्त या सराव पाठांनी लावली, आणि टाचण वही पुढे शाळांच्या दप्तराचा कायमचा भाग झाली.

1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कॉलेज त्याच वर्षी निघालेल्या पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आले, बी.टी.ची बी.एड. झाली. प्राथमिकच्या बाजूला जुन्या ‘इयर’च्या जागी ज्युनियर आणि सीनियर पी.टी.सी. आली, आणि कालांतराने डी.एड. 1962 च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षक त्यांच्या नोकरीत गेले. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. त्यांच्या जन्मदिवशी, 5 सप्टेंबरला, शिक्षकदिन पाळायला सुरुवातही 1962 चीच. 5 सप्टेंबर या तारखेचा कोल्हापूरशी आणखी एक संबंध आहे: आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा जन्मही 5 सप्टेंबरचा, 1907 चा.

नाईक यांनी सय्यद नूरुल्ला यांच्यासह लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास 1943 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो शिक्षणशास्त्राच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. त्यांचे प्रत्यक्ष काम भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीला झाले. व्ही. टी. पाटील यांच्यासह त्यांनी तिथे मौनी विद्यापीठ उभे केले. चित्रा नाईक यांचेही तिथे मोठे काम झाले. शाळा, शेती, आरोग्य आणि शिक्षकांचे शिक्षण एका आवारात असावे, शिक्षक होणाऱ्याने गाव पाहावे, अशी तिथली धारणा होती. केंद्र सरकारने पुढे ग्रामीण संस्थांच्या योजनेत गारगोटीची निवड केली. आवारात अध्यापक घडवणारे महाविद्यालयही निघाले, त्याला आचार्य जावडेकर यांचे नाव आहे. नाईक 1964-66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. शिक्षक-प्रशिक्षण हे विद्यापीठापासून, शाळांपासून आणि आपसांतही तुटलेले आहे, असे त्या आयोगाने म्हटले. गारगोटीचा प्रयोग पाहिलेल्या माणसाने हे लिहिण्यात सहभाग घ्यावा, यात आश्चर्य नाही. याच सुमारास बापूजी साळुंखे यांच्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेने (स्थापना 1954) डोंगराळ भागांतही हायस्कुले काढली आणि बी.एड. झालेल्यांची मागणी वाढवली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र उलटे झाले. 1993 च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद आली आणि प्रशिक्षणाला देशभर एक चौकट मिळाली. पाठोपाठ राज्यात विनाअनुदानित डी.एड. आणि बी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले. बारावीनंतर दोन वर्षांत हमखास नोकरी, या समजुतीवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबांनी मुलांना, आणि विशेषतः मुलींना, डी.एड.ला घातले. शाळा वाट पाहत आहेत आणि मास्तर मिळत नाही, हा शंभर वर्षांचा क्रम संपून पदविकाधारक वाट पाहू लागले. 2000 मध्ये शिक्षणसेवक योजना आली. ट्रेनिंग पूर्ण झालेल्या प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे महिना 3,000 रुपये मानधनावर राहावे लागे. पुढे भरती मंदावली, डी.एड.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि अनेक महाविद्यालये बंद पडली.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि पदविकेवर आणखी एक परीक्षा चढली. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा पहिल्यांदा डिसेंबर 2013 मध्ये झाली. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि सराव पाठांच्या जोडीला शाळेत प्रदीर्घ आंतरवासिता आली. 2017 पासून नेमणुकीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल यांतून जावे लागते. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचा निर्णय दिला: ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी. वीस-बावीस वर्षे वर्ग सांभाळलेले जिल्हा परिषदेचे गुरुजी त्यामुळे शाळा सुटल्यावर पुन्हा बालमानसशास्त्राची पुस्तके घेऊन बसले आहेत.